पाय मोडला तरी याच कॉलेजात राहशील?

अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींसाठी कॉलेज निवडणं म्हणजे डोकं भंजाळून टाकणारा प्रकार असतो. कोच बघायचा, कोर्स बघायचा, की पैसे? माझ्या मावसबहिणीने हा गोंधळ कसा सोडवला, त्याची ही गोष्ट. तुमचा खेळ कोणताही असो, तिने विचारलेले प्रश्न तुमच्याही कामाचे आहेत.

रविवारी रात्री साडेआठ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे अकरा. आमच्या घरी हा व्हिडिओ कॉलचा ठरलेला टाइम. इकडून आजी, आई आणि मी, तिकडून मावशी, काका आणि माझी मावसबहीण. एरवी विषय ठरलेले असतात : इकडचा पाऊस, तिकडचा बर्फ आणि आजीचा गुडघा. गेल्या वर्षी मात्र जूनपासून एकच विषय सुरू झाला. हिने कॉलेज कुठलं घ्यायचं?

बहीण पाच वर्षांची असल्यापासून जिम्नॅस्टिक्स करते. आता ती 'लेव्हल टेन'ला आहे. अमेरिकेतल्या क्लब जिम्नॅस्टिक्समधली ही सगळ्यात वरची पायरी, हिच्यावर फक्त ऑलिम्पिकच्या वाटेवरचा 'एलिट' गट. आठवड्याला वीस-बावीस तास जिममध्ये, तळहातांवर कायम घट्टे, घोट्यावर एक ऑपरेशन झालेलं. आणि मॅडमना व्हायचंय नर्स. ऑपरेशनच्या वेळी जी नर्स तिच्याजवळ बसली होती, तिला बघून तिने हे ठरवलं होतं.

काकांनी इंजिनीअरच्या सवयीनुसार एक्सेल शीट बनवली. त्यात तीन कॉलेजेस उरली होती. आपण त्यांना अ, ब आणि क म्हणू.

'अ' म्हणजे टीव्हीवर दिसणारी मोठी टीम. तिथे तिला 'वॉक-ऑन' म्हणून बोलावणं होतं. वॉक-ऑन म्हणजे टीममध्ये जागा मिळणार, पण स्कॉलरशिप नाही आणि स्पर्धेत उतरायला मिळेलच याची खात्री नाही. 'ब' हे मधल्या फळीतलं कॉलेज. तिथे स्कॉलरशिप मिळणार होती. 'क' हे छोटंसं कॉलेज. खेळासाठी एक पैसाही नाही, पण नर्सिंगचा कोर्स चांगला आणि टीममध्ये नियमित खेळायची संधी.

मावशीला 'ब' हवं होतं, काकांना 'क' आणि बहिणीला अर्थातच 'अ'. आजीचं म्हणणं, "जे घराजवळ असेल ते घ्या."

हे कॉलेज जिम्नॅस्टिक्स असतं तरी काय?

तुम्ही कदाचित ते पाहिलेलं असेल, फक्त नाव माहीत नसेल. जानेवारी २०१९ मध्ये केटलिन ओहाशी नावाच्या मुलीचा फ्लोअर रूटीनचा व्हिडिओ जगभर फिरला होता. मायकल जॅक्सनचं म्युझिक, धमाल नाच, चेहऱ्यावर मावणार नाही एवढं हसू आणि शेवटी परफेक्ट १०. ती तेव्हा यूसीएलएमध्ये शिकत होती. तिची आधीची गोष्ट कमी लोकांना माहितीय. २०१३ च्या अमेरिकन कपमध्ये तिने चक्क सिमोन बाइल्सला हरवलं होतं. मग दुखापतींनी तिला एलिट जिम्नॅस्टिक्समधून बाहेर काढलं. जिम्नॅस्टिक्स पुन्हा आवडायला लागलं ते कॉलेजात आल्यावर.

याचं कारण या खेळाच्या रचनेत आहे. ऑलिम्पिकमध्ये २००६ नंतर '१० पैकी' ही पद्धत गेली आणि अवघडपणाचे गुण वेगळे मोजायला लागले. कॉलेजमध्ये अजूनही दहापैकीच मार्क असतात. त्यामुळे जीव धोक्यात घालून आणखी अवघड उडी मारण्यापेक्षा जे करताय ते नेटकं करण्याला महत्त्व. दुसरं म्हणजे हा टीमचा खेळ होतो. व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम आणि फ्लोअर अशा चार प्रकारांत प्रत्येकी सहा जणी उतरतात, त्यातल्या पाच जणींचे मार्क धरतात. एखादी पडली तर बाकीच्या सांभाळून घेतात. लहानपणापासून एकट्याने बीमवर उभं राहिलेल्या मुलीला हे केवढं मोठं वाटत असेल!

या सगळ्याच्या मागे एक कायदा आहे. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' आला. सरकारी पैसे घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही, असं त्यात म्हटलंय आणि ते खेळालाही लागू झालं. मुलांच्या फुटबॉलवर अमाप पैसा ओतणाऱ्या कॉलेजांना मुलींच्या खेळांकडेही बघावं लागलं. कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या 'एनसीएए'ने मुलींचं जिम्नॅस्टिक्स अजिंक्यपद १९८२ मध्ये सुरू केलं. पहिलं विजेतेपद युटाने जिंकलं.

आता गंमत बघा. १९८२ पासून २०२५ पर्यंत हे विजेतेपद फक्त सात विद्यापीठांकडे गेलंय : युटा, जॉर्जिया, अलाबामा, यूसीएलए, फ्लोरिडा, ओक्लाहोमा आणि एलएसयू. डिव्हिजन वनमध्ये टीम्स आहेत साठेक. म्हणजे 'मोठ्या नावाच्या' कॉलेजात जायचंच असं ठरवलं, तर दारं मोजकीच आणि बाहेर रांग लांबलचक.

पंधरा जूनची रात्र

तिकडे दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन वनचे कोच मुलींशी थेट बोलू शकत नाहीत, असा नियम आहे. त्यामुळे त्या रात्री बाराच्या ठोक्याला फोन वाजायला लागतात. वाढदिवसाला आपल्याकडे बारा वाजता मेसेज येतात ना, तसंच. बहिणीला त्या रात्री एकही फोन आला नाही. घोट्याच्या ऑपरेशनमुळे तिचा तो सीझनच बुडाला होता. ती उशीत तोंड खुपसून रडली आणि मावशी आमच्याकडे फोन करून रडली.

मग तिने स्वतःच मेल पाठवायला सुरुवात केली. व्हिडिओ, मार्क, शाळेचा जीपीए, दुखापतीची खरी माहिती. जवळजवळ चाळीस मेल गेले. दहाएक उत्तरं आली. त्यातून हे अ, ब, क.

त्यातला 'अ' गेल्या जुलैमध्ये आपोआप गळाला. झालं असं की, जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका कोर्टाने कॉलेज खेळांबद्दलच्या मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. आधी एका जिम्नॅस्टिक्स टीमला जास्तीत जास्त १२ स्कॉलरशिप देता यायच्या, पण टीम कितीही मोठी ठेवता यायची. ही तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांना आता हव्या तेवढ्या स्कॉलरशिप देता येतात, पण टीममध्ये २० पेक्षा जास्त मुली ठेवता येत नाहीत. कागदावर चांगलं वाटतं. पण ज्या टीममध्ये बावीस-पंचवीस मुली होत्या तिथे कात्री कुणावर चालणार? वॉक-ऑनवर. 'अ'च्या कोचचा चार ओळींचा मेल आला. सॉरी, आता जागा नाही.

त्या रविवारी बहीण कॉलवर आलीच नाही.

स्कॉलरशिप की कोर्स?

उरले 'ब' आणि 'क'. पैशाचा हिशोब बघितला तर 'ब' सरळसरळ पुढे. तिकडे खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च राहण्या-जेवणासकट साठ ते नव्वद हजार डॉलरपर्यंत जातो. 'ब'मध्ये यातलं बरंचसं माफ होणार होतं. 'क' हे डिव्हिजन थ्रीचं कॉलेज. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. आयव्ही लीगमध्येही नाही, बरं का. ब्राऊन, कॉर्नेल, पेन आणि येल यांच्याकडे मुलींच्या जिम्नॅस्टिक्स टीम्स आहेत, पण तिथे मदत मिळते ती घरची परिस्थिती बघून, बीमवरचे मार्क बघून नाही.

म्हणून मावशी 'ब'वर अडून बसली. "फुकट शिकायला मिळतंय, अजून काय पाहिजे?"

बहिणीने मग एक शहाणपणाची गोष्ट केली. तिने कोचला बाजूला ठेवून टीममधल्या मुलींना फोन लावले. एकच प्रश्न विचारला, "तुमच्यापैकी किती जणी नर्सिंग करतात?"

उत्तर आलं, एकही नाही.

का? कारण नर्सिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून हॉस्पिटलमध्ये ड्युटी लागते. ती सकाळी सहा-सातला सुरू होते. 'ब'चा सराव सकाळी. दोन मुली नर्सिंगसाठी आल्या होत्या, दोघींनी विषय बदलला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. फक्त "तुला जमेल का बघ हं" असं प्रेमाने सांगितलं होतं. अमेरिकेत हे इतकं नेहमीचं आहे की एकाच टीममधली अर्धी मुलं एकाच सोप्या विषयात सापडणं, यावर तिथे अभ्यास होतात.

नियम मात्र खेळाडूंच्या बाजूचे दिसतात. सीझनमध्ये आठवड्याला २० तास, दिवसाला चार तास, याहून जास्त सराव घ्यायचा नाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. डिव्हिजन वनमध्ये खेळायला शाळेतले १६ ठरावीक विषय आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो. कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसऱ्याच्या शेवटी ६० आणि चौथ्याच्या शेवटी ८०. नाहीतर खेळता येत नाही. पण २० तासांत प्रवास मोजत नाहीत, फिजिओकडे घालवलेला वेळही मोजत नाहीत. जानेवारी ते एप्रिल जवळजवळ दर वीकेंडला स्पर्धा असते. विमानात बसून असाइनमेंट करायची आणि सोमवारी सकाळी लेक्चरला हजर.

शिवाय त्या ४०-६०-८० च्या नियमामुळे उलटंही होतं. एकदा सोपा विषय घेतला की मध्येच अवघड विषयाकडे वळता येत नाही, कारण टक्के भरत नाहीत. म्हणजे पहिल्या वर्षी घेतलेला निर्णय गळ्यात पडतो.

एका कोचचा प्रश्न

'क'च्या कॉलेजला बहीण आणि मावशी प्रत्यक्ष जाऊन आल्या. छोटं जिम, जुने मॅट, भिंतीवर टीमचे फोटो. कोच बाईंनी चहा दिला (मावशीच्या मते पाणचट) आणि बहिणीला विचारलं, "समज, पहिल्याच महिन्यात तुझा पाय मोडला. जिम्नॅस्टिक्स कायमचं बंद. तरी तुला या कॉलेजात राहावंसं वाटेल?"

हा प्रश्न तिकडे सगळ्याच खेळांत विचारतात. पण ज्या मुलीचा घोटा एकदा उघडून परत शिवलाय, तिला तो प्रश्न कसा लागला असेल! ती म्हणाली, "विचार करून सांगते." परतीच्या गाडीत दोन तास गप्प होती.

त्या रविवारी कॉलवर तिने आम्हाला सांगितलं, "मी तिथे होते तेव्हा जिम काढून टाकलं असं समजून कॅम्पस बघितला. लायब्ररी, नर्सिंगची लॅब, हॉस्टेल. मला तिथे राहावंसं वाटलं. 'ब'मध्ये मी फक्त जिमच बघितलं होतं."

मावशी म्हणाली, "आणि पैसे?" काकांनी शीट उघडली. शाळेतल्या मार्कांवर 'क'कडून काही मदत मिळणार होती, ती धरून आकडा खाली आला, तरी 'ब'पेक्षा बराच वर होता. थोडं कर्ज काढावं लागणार होतं. कॉलवर शांतता. आजी म्हणाली, "कर्ज फेडता येतं गं. नको ते शिकलेलं परत करता येत नाही." विषय संपला.

नोव्हेंबरमध्ये फॉर्म भरला, डिसेंबरमध्ये प्रवेश पक्का झाला.

'ब' वाईट होतं असं मुळीच नाही. ज्या मुलीला मानसशास्त्र किंवा मार्केटिंग शिकायचंय तिच्यासाठी ते उत्तम ठरलं असतं. स्कॉलरशिपमुळे हजारो मुली कर्जाशिवाय शिकतात, ही छोटी गोष्ट नाही. प्रश्न फक्त आपल्याला काय हवंय हा आहे.

मोठ्या नावांनी काय केलं?

सिमोन बाइल्सचं यूसीएलएमध्ये जायचं ठरलं होतं. पण २०१५ मध्ये तिने व्यावसायिक व्हायचं ठरवलं आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॉलेज टीमचं दार बंद झालं. जाहिरातीतून कमवा किंवा कॉलेजात खेळा, दोन्ही नाही. जुलै २०२१ मध्ये हा नियम बदलला. त्याच वर्षी टोकियोत सुवर्ण जिंकलेली सुनी ली ऑबर्नमध्ये दाखल झाली आणि कमावती झाली. ऑबर्न का? तिच्या क्लबमधल्या कोचचा जुळा भाऊ तिथला हेड कोच होता. ओळखीच्या हातात जाणं तिला महत्त्वाचं वाटलं. टोकियोतली फ्लोअरची सुवर्णविजेती जेड केरी ओरेगॉन स्टेटला गेली. वरच्या सातांच्या यादीत हे नाव नाही. म्हणून तिचं काही अडलं नाही. कॉलेजात असतानाच २०२४ च्या पॅरिसमध्ये तिने टीमचं सुवर्ण मिळवलं.

आणि मोहिनी भारद्वाज? वडील भारतीय, जन्म अमेरिकेतला. ती यूसीएलएकडून खेळली, कॉलेज संपलं. मुलींच्या जिम्नॅस्टिक्समध्ये तेव्हा विशी ओलांडली की संपलं असं मानायचे. मोहिनी परत आली आणि २००४ च्या अथेन्समध्ये पंचविशीत अमेरिकन टीमची कॅप्टन म्हणून रौप्यपदक घेऊन गेली.

उलटी उदाहरणंही आहेत. अलाबामातल्या टॅलाडेगा कॉलेजने जिम्नॅस्टिक्स टीम सुरू केली आणि २०२४ मध्ये एकाच सीझननंतर पैशाअभावी बंद केली. त्याच टीमसाठी आलेल्या मुली एका झटक्यात टीमविना झाल्या. एमआयटीसारख्या संस्थेनेही २००९ मध्ये जिम्नॅस्टिक्ससकट आठ खेळ बंद केले होते. पाय मोडण्याचा प्रश्न फक्त पायापुरता नसतो, तो असा.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. कॉलेजची टीम बघायला हजारो लोक तिकीट काढून येत नाहीत. ठाणे, मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगरच्या जिममध्ये लहानपणापासून घाम गाळणाऱ्या मुलींना दहावीचं वर्ष आलं की ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं : "यंदा महत्त्वाचं वर्ष आहे, उड्या नंतर मार." ती 'नंतर' बहुतेकींच्या आयुष्यात येत नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये दोन वर्षांचा ब्रेक म्हणजे क्रिकेटमधला दोन वर्षांचा ब्रेक नव्हे. शरीर बदलतं, हवेतला अंदाज जातो, भीती बसते.

पण अभ्यास आणि खेळ दोन्ही धरून ठेवणारी सगळ्यात मोठी नावंही आपलीच आहेत. दीपा कर्माकर ऑगस्ट २०१६ मध्ये रिओत व्हॉल्टला चौथी आली. पदक हुकलं ०.१५ गुणांनी. आगरतळ्याला परतल्यावर देशभर सत्कारांची रांग लागलेली असताना तिने राज्यशास्त्राच्या एमएची परीक्षा दिली. २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई विजेतेपद मिळवूनच ती निवृत्त झाली. तिने वाट निवडली दूरशिक्षणाची. आपल्याकडेही यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म आहे. 'रेग्युलर कॉलेज नाही म्हणजे वाया गेली' असं समजणाऱ्या काका-मामांना हे उदाहरण जरूर सांगा.

रेग्युलर कॉलेज घेणार असाल तर प्रॉस्पेक्टसमधला 'जिमखाना' शब्द वाचून भुलू नका. ट्रॉफीचं कपाट सगळ्यांकडे असतं. खालचे प्रश्न विचारा, आणि प्राचार्यांना नाही, तिथे शिकणाऱ्या खेळाडूंना विचारा.

विचारायचे सात प्रश्न

• आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी गेल्यावर हजेरी खरंच धरतात का? की ७५ टक्क्यांसाठी नंतर पत्रं घेऊन फिरावं लागतं?

• स्पर्धा आणि इंटर्नल एकाच दिवशी आली तर परीक्षा परत घेतात की थेट केटी?

• मला जो विषय शिकायचाय, तो घेऊन आधी कुणी खेळाडू पास झालाय का? त्याचा नंबर मिळेल का?

• कॉलेजातून सरावाच्या जागेपर्यंत जायला किती वेळ लागतो? रोजचे दोन तास लोकलमध्ये गेले तर सराव कधी आणि झोप कधी?

• स्पोर्ट्स कोट्यातून प्रवेश घेतल्यावर कॉलेज माझ्यासाठी काय करणार? प्रवास, किट, फिजिओ, की फक्त पदक जिंकल्यावर फ्लेक्स?

• दुखापत झाली तर? फी सवलत चालू राहील का? हे तोंडी नको, कागदावर दाखवा म्हणा.

• आणि शेवटचा, स्वतःला विचारायचा. उद्या खेळ सुटला तर सोमवारी सकाळी मला या कॉलेजात यावंसं वाटेल का?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तरी तिथे प्रवेश घ्यायला हरकत नाही. कधीकधी खेळासाठी चार वर्षं झोकून द्यायची असतात, ती तुमची निवड. पण मग ती डोळे उघडे ठेवून केलेली असू दे. कोणीतरी 'जमेल का बघ हं' म्हटलं म्हणून विषय बदलला, असं नको.

बहीण येत्या ऑगस्टमध्ये 'क'ला जाईल. सध्या ती फ्लोअरचं म्युझिक शोधतेय. फ्लोअरच्या म्युझिकमध्ये शब्द चालत नाहीत, त्यामुळे तिला ढोल-ताशा हवाय आणि मला इकडून रेकॉर्डिंग पाठवायचं काम लागलंय. नव्वद सेकंदांत बसणारा ठेका शोधतोय. कुणा पथकवाल्याकडे असेल तर सांगा.